मुलाची परीक्षा, उत्तरपत्रिका मोठ्यांची

दिवाळीच्या चार दिवसांत ज्या घरात पोरेसोरे आहेत त्या घरात कोणी शांतपणे अंक वाचीत बसला असेल, तर तो मोठा भाग्यवान म्हटला पाहिजे. अंगणात किल्ल्याची माती कालवली जात आहे आणि ती तशाच हातापायांनी माजघरात येत आहे; फराळाच्या डब्यांची झाकणे उघडी पडत आहेत; एकाला सांगितलेले काम तो अर्ध्यावर टाकून दुसऱ्याच्या फुलबाजीमागे धावतो आहे; आणि मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये, हा नियम तर वसुबारसेलाच मोडीत निघाला आहे. अशा घरात नेमक्या ह्याच आठवड्यात कोणी एक छापील कागद आणून दिला आणि विचारले, "तुमचे मूल हातापायांची चुळबुळ करते काय? जागेवर बसायला सांगितले असता उठून जाते काय? हाती घेतलेले काम अर्धवट सोडते काय? आपली पाळी येईपर्यंत थांबणे त्याला जड जाते काय? अंगात यंत्र बसवल्यासारखे सारखे पळत असते काय?" तर महाराष्ट्रातील बहुसंख्य आईबाप प्रत्येक प्रश्नापुढे ‘फार वारंवार’ ह्या रकान्यात खूण करून मोकळे होतील, आणि भाऊबीजेपर्यंत राज्यातली निम्मी मुले विकारग्रस्त ठरतील!

ही थट्टा झाली. पण तो कागद थट्टेचा नाही. ज्यांचे अवधान टिकत नाही आणि ज्यांची चंचलता आवरत नाही, अशा मुलांच्या अवस्थेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एडीएचडी’ म्हणतात, आणि ती हुडकून काढण्यासाठी अशा प्रश्नावल्या शाळांत, दवाखान्यांत आणि समुपदेशकांच्या टेबलांवर असतात. गेल्या सहा महिन्यांतील वर्तन ध्यानात घेऊन उत्तरे द्यावीत, अशी सूचना त्यांवर छापलेली असते, हे खरे. पण भरणारा माणूस सहा महिन्यांचे टिपण घेऊन बसलेला नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे कालची संध्याकाळ असते. कागदाची सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र ह्याहून निराळी आहे. परीक्षा मुलाची, आणि उत्तरे लिहिणार मोठी माणसे! आई एक कागद भरते, शाळेतल्या बाई दुसरा भरतात, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो बाहेर पट्टीने खिडकीचे गज वाजवीत उभा असतो. त्याला कोणी काही विचारीत नाही. ह्या पद्धतीविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. करंजीच्या घासाबरोबर ते थोडे कडू लागतील, त्याला इलाज नाही.

आधी एक गोष्ट साफ केली पाहिजे. असा विकारच नाही, तो औषधे विकणाऱ्यांनी रचलेला बनाव आहे, ‘आमच्या वेळी नव्हते हो असले काही’, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसलेला नाही. त्यांच्याही वेळी होते. फक्त ते वेताच्या छडीखाली, शेवटच्या बाकावर आणि ‘ढ’ ह्या एका अक्षराखाली गाडले गेले होते. मनापासून अभ्यास करायचे ठरवूनही ज्याच्या हातून दहा ओळी वाचून होत नाहीत, ज्याचे दप्तर, डबा आणि चप्पल रोज हरवते, खेळात आपली पाळी येण्यापूर्वीच उडी घेतल्यामुळे ज्याला कोणी गडी म्हणून घेत नाही, असे मूल असते. त्याचे दुःख खरे असते. जाणत्या वैद्याच्या हाती पडले तर ते मूल सावरते, औषधानेही सावरते. ह्या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तेव्हा आईने वळण लावले नाही म्हणून असे झाले, हा शेजारणींचा निवाडा क्रूर तर आहेच, पण खोटाही आहे. माझे भांडण विकाराशी नाही, वैद्याशी नाही, औषधाशीही नाही. भांडण आहे ते एका कागदाला पंचाच्या आसनावर बसवण्याशी.

हा कागद आला कोठून, ते पाहण्यासारखे आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञाने वैद्यमंडळींपुढे व्याख्याने देऊन, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. ती मुले त्याने स्वतः पाहिलेली होती. १९३७ साली अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली ह्यांनी आपल्या संस्थेतील ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले, आणि त्यांतील १४ मुलांचे शाळेतले काम एकाएकी सुधारलेले त्यांना आढळले. तीही मुले त्यांच्या डोळ्यांखाली राहणारी होती. प्रश्नावलीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले ते १९६९ साली, जेव्हा कीथ कॉनर्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शिक्षकांनी भरावयाचा ३९ कलमांचा तक्ता प्रसिद्ध केला. प्रत्येक कलमापुढे चार रकाने: मुळीच नाही, थोडेसे, बरेच, फारच. त्या लेखाच्या मथळ्यातच लिहिले होते की, हा तक्ता मुलांवरील औषधांच्या अभ्यासासाठी आहे.

ह्या मथळ्यात सारे मर्म आहे. एकाच बाईंनी एकाच मुलाचा कागद औषध देण्यापूर्वी एकदा भरला आणि औषध दिल्यावर पुन्हा एकदा भरला, तर बाई स्वभावाने कडक असोत की मवाळ असोत, त्यांचा कडकपणा दोन्ही कागदांत सारखाच उतरतो आणि वजाबाकीत निघून जातो. उरतो तो मुलातला बदल. अशा कामासाठी तक्ता फार उत्तम. पण तोच तक्ता शंभर शाळांतल्या शंभर बाईंच्या हाती देऊन ‘तुमच्या वर्गातली आजारी मुले निवडा’ म्हटले, की वजाबाकी संपली. आता मुलाच्या चंचलतेत बाईंचा कडकपणा, वर्गातली गर्दी, पंख्याची घरघर आणि शाळेच्या निकालाची काळजी हे सारे मिसळले, आणि बेरीज मुलाच्या नावावर पडली. खुद्द कॉनर्स ह्यांनीच २०१३ साली, वयाची ऐंशी वर्षे गाठताना, आपल्या देशातील वाढत्या निदानांना राष्ट्रीय आपत्ती म्हटले. ज्याने विहीर खणली तोच काठावर उभा राहून ‘वाकून पाहू नका’ म्हणत असेल, तर निदान दोन पावले मागे सरायला हरकत नसावी.

आता त्या चार रकान्यांकडे वळू. आज प्रचारात असलेल्या अमेरिकन निदानग्रंथात ह्या विकाराची १८ लक्षणे दिली आहेत, ९ अवधानाची आणि ९ चंचलता-उतावळेपणाची. मुलांच्या बाबतीत ९ पैकी निदान ६ लक्षणे भरावी लागतात, आणि जवळजवळ प्रत्येक लक्षणाच्या आरंभी एक शब्द उभा असतो: ‘वारंवार’. वारंवार म्हणजे किती वेळा? दिवसातून दोनदा की तासातून दहादा? कागद सांगत नाही. ते ठरवायचे भरणाऱ्याने. एकत्र कुटुंबात सहा नातवंडे वाढवलेल्या आजीचे ‘वारंवार’ आणि एकुलत्या मुलासह दोन खोल्यांत राहून घरूनच कचेरीचे काम करणाऱ्या आईचे ‘वारंवार’, ही दोन निराळी मापे आहेत. बाजारात शेर आणि किलो एकाच पारड्यात टाकणाऱ्याला आपण हातोहात पकडू. येथे मात्र त्यालाच शास्त्र म्हणतो.

आपल्या भाषेने मुलांच्या चळवळेपणासाठी किती शब्द जपून ठेवले आहेत पाहा. चुळबुळ्या निराळा, अवखळ निराळा, खोडकर निराळा, व्रात्य निराळा, आणि वांड तर अगदीच निराळा. ‘उपद्व्यापी’ म्हणताना आजीच्या तोंडावर हसू असते, ‘द्वाड’ म्हणताना ते निम्मे होते, ‘वांड’ म्हणताना मावळते. वेंधळा आणि धांदरट ह्यांतही ती गल्लत करीत नाही: वेंधळ्याचे लक्ष दुसरीकडे असते, धांदरटाचे पाय त्याच्या पुढे धावत असतात. शास्त्रज्ञांनी लक्षणांच्या ज्या दोन याद्या केल्या तो भेद आमच्या माजघरात असा बोलण्यातच होता. शिवाय शब्द उच्चारणारी बाई त्या मुलाला ओळखत असे, आणि संध्याकाळी तोच शब्द मागेही घेत असे. कागदावरची खूण कोणी मागे घेत नाही.

भरणाऱ्याच्या नजरेचा हा दोष मी कल्पनेने रचलेला नाही. तो तपासून पाहिलेला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ-आठ वर्षांच्या चार मुलांच्या चित्रफिती चीन, इंडोनेशिया, जपान आणि अमेरिका ह्या देशांतील मनोविकारतज्ज्ञांना दाखवल्या. मुले तीच, चित्रफिती त्याच. पण चिनी व इंडोनेशियन तज्ज्ञांनी त्या मुलांना चंचलतेचे जे गुण दिले ते जपानी व अमेरिकन तज्ज्ञांहून स्पष्टपणे अधिक होते. तज्ज्ञांची ही कथा, मग पन्नास मुलांच्या गलक्यात कागद भरणाऱ्या बाईंना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? १९९३ साली अमेरिकेतच शिक्षकांना बालनटांनी वठवलेल्या वर्गाच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यांतला एक मुलगा केवळ उर्मट होता, उलट बोलणारा होता. अवधान व चंचलता ह्या बाबतींत त्याच्यात काहीच वावगे नव्हते. तरीही शिक्षकांनी त्याला चंचल आणि बेध्यान ठरवले. मूल एका बाबतीत डोळ्यांत खुपले, की सगळ्याच बाबतींत खुपते. माणसाचा हा स्वभावच आहे, आणि गुण देणाऱ्यांच्या ह्या खोडीकडे एडवर्ड थॉर्नडाइक ह्या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच बोट दाखवले होते.

कोणी म्हणेल, म्हणूनच तर आम्ही दोन कागद भरून घेतो, एक घरचा आणि एक शाळेचा. फार छान! पण हे दोन साक्षीदार एकमेकांशी किती जुळतात? १९८७ साली टॉमस आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या वर्तनाविषयीचे ११९ अभ्यास एकत्र करून हे पाहिले. पूर्ण एकमताला १ आणि संबंधच नसण्याला ० धरले, तर आई आणि बाप ह्यांच्यासारखे एकाच जागचे दोन साक्षीदार ०.६० इतके जुळले. आणि घरचा एक व शाळेचा एक असे निरनिराळ्या जागचे साक्षीदार अवघे ०.२८. ह्यात कोणी खोटे बोलत नाही. मूल घरी एक असते, शाळेत दुसरे असते आणि आजोळी तिसरेच असते. ०.२८ ह्या आकड्याचा खरा अर्थ असा की, कागद मुलाविषयी जितके सांगतो तितकेच त्या जागेविषयीही सांगतो. पण निदान जागेचे होत नाही. ‘ह्या वर्गाला विकार आहे’ असा दाखला अजून तरी कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

ह्याहून मोठा पुरावा तर पंचांगाने दिला आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला तुटते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच वर्गात बसते. तेथील ९ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली जे प्रसिद्ध झाले ते असे: जानेवारीतल्या मुलग्यांच्या मानाने डिसेंबरातल्या मुलग्यांना हा विकार असल्याचे निदान ३० टक्क्यांनी अधिक झाले होते, आणि मुलींच्या बाबतीत ७० टक्क्यांनी अधिक. २०१८ साली अमेरिकेतूनही तसाच निष्कर्ष आला. जेथे १ सप्टेंबर ही प्रवेशाची तारीख होती अशा राज्यांत, वर्गात सर्वांत लहान असणाऱ्या ऑगस्टमधल्या मुलांत दर १०,००० मागे ८५ निदाने, आणि सर्वांत मोठ्या असणाऱ्या सप्टेंबरमधल्या मुलांत ६४. ज्या राज्यांत ही तारीख नव्हती तेथे ऑगस्ट-सप्टेंबरचा हा फरकही नव्हता. आता मेंदूचा विकार सरकारी परिपत्रकातली तारीख वाचून तर जडत नाही! सहा वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. ते मूल आजारी नव्हते. ते लहान होते. बाईंनी त्याची तुलना शेजारच्या बाकाशी केली, कागदाने ती तुलना टिपून घेतली, आणि वैद्याने कागदावर विश्वास टाकला.

आपल्याकडेही शाळाप्रवेशाला एक तारीख असतेच, आणि ‘वर्ष फुकट जाऊ नये’ म्हणून मूल त्या तारखेच्या आत कसेबसे बसवण्याची आईबापांची धडपड आपण सारे ओळखून आहोत. त्या धडपडीतून वर्गातले सर्वांत धाकटे झालेले मूल पहिल्या इयत्तेत पेन्सिल चावीत बसते. त्यातून ते मराठी घरातून थेट इंग्रजी माध्यमात गेलेले असेल, किंवा घरी वारली, भिली वा गोंडी बोलणारे असून पुस्तकी मराठीच्या वर्गात बसलेले असेल, तर जे कळत नाही त्याच्याकडे त्याने तासभर लक्ष कसे द्यावे? एखाद्या प्रौढ गृहस्थाला न कळणाऱ्या भाषेतले व्याख्यान पाच तास ऐकवा, आणि मग त्याच्या चुळबुळीचे गुण मोजा!

आता थोडे गणित करू. ते पहिल्या दहाव्या इयत्तांचे आहे, घाबरण्याचे कारण नाही. समजा, १,००० मुलांपैकी ५० मुलांना हा विकार खरोखर आहे. समजा, आपली प्रश्नावली इतकी गुणी आहे की, आजारी मुलांतली शंभरांत ८० ती बरोबर ओळखते आणि निरोगी मुलांतली शंभरांत ८० बरोबर सोडून देते. तर त्या ५० पैकी ४० सापडतील, १० सुटतील. पण उरलेल्या ९५० निरोगी मुलांपैकी २० टक्के, म्हणजे १९० मुले, विनाकारण जाळ्यात येतील. एकूण २३० नावांची यादी होईल आणि तीत खरी ४०. म्हणजे चाळणीत अडकलेल्या जवळजवळ सहा मुलांत एक खरा रोगी! कोणीही लबाडी केली नाही, कागद उत्तम, बाई प्रामाणिक. तरीही हे घडते, कारण निरोगी मुले संख्येने फार असतात. डाळीत खडे थोडे असले आणि चाळणीची भोके बेताची असली, तर चाळणीवर डाळच अधिक उरायची.

मग आकडे गावोगाव बदलतात ह्याचे नवल नको. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००७ साली हे प्रमाण सुमारे ५.३ टक्के काढले गेले. कोइमतूरच्या चार शाळांतील ७७० मुलांची शिक्षक-पालकांच्या तक्त्यांवरून केलेली पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ते ११.३२ टक्के निघाले. अमेरिकेत २०२२ साली आईबापांनाच विचारून केलेल्या पाहणीत ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळाले असल्याचे आढळले, म्हणजे सुमारे ७१ लाख मुले. मूल बदलले की माप बदलले, हा प्रश्न प्रत्येक आकड्यामागे उभा आहे.

ह्यावर विरोधकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण ते वजनदार आहे. पहिले म्हणणे: "चाळणी लावली नाही तर जे मूल खरोखर आजारी आहे ते सुटते, आणि त्याची शाळा सुटते, आयुष्य वाया जाते." कबूल. पण सुटते कोण, ते पाहा. वर्गाला त्रास देणारा मुलगा कधीच सुटत नाही. त्याचे नाव पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचते. सुटते ती खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी. ती कोणाच्या कागदावर येत नाही, कारण ती कोणाच्या आड येत नाही. ‘शांत आहे हो, थोडी वेंधळी आहे’ ह्या एका कौतुकाखाली तिची दहा वर्षे निघून जातात. मोठ्यांच्या त्रासाची नोंद करणारे साधन मोठ्यांना न होणारा त्रास कसा पकडणार?

दुसरे म्हणणे: "कागद ही पहिली पायरी आहे. अखेरचा निर्णय डॉक्टरच देतात." असे असते तर मी हा लेख लिहिला नसता. डॉक्टरांच्या खोलीत मूल येते ते अर्धा तास, नव्या जागी, नव्या माणसापुढे. तेथे पुष्कळदा ते चिडीचूप बसते. मग डॉक्टर कोणावर विसंबणार? पुन्हा आईवर आणि बाईंच्या चिठ्ठीवरच! पहिल्या पायरीचे साक्षीदार तेच आणि दुसऱ्या पायरीचेही तेच; फक्त आता त्यांच्या हाती आकडा असतो. आणि आकडा आला की माणसे बोलायची थांबतात. "बाळ, तुला वर्गात काय होते?" हा प्रश्न मग उरतच नाही. तोवर शाळेत कुजबूज सुरू झालेली असते, शेजारचे बाक रिकामे झालेले असते, आणि ‘तपासून घ्या, नाहीतर दुसरी शाळा पाहा’ असा निरोप डायरीतून आलेला असतो.

तिसरे म्हणणे सर्वांत जिव्हाळ्याचे आहे: "आपल्या देशात मुलांचे मनोविकारतज्ज्ञ मूठभर. तेव्हा गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचायचे तर स्वस्त कागदावाचून उपाय नाही." मुलांच्या आरोग्य-तपासणीची जी राष्ट्रीय योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघर येथे सुरू झाली, तीत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ३० व्याधींची यादी आहे, आणि त्या यादीत हा विकारही आहे. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जावे, अशी योजना. तिचे मी मनापासून स्वागत करतो, कारण त्याच यादीत डोळे आहेत, कान आहेत, रक्तक्षय आहे. ज्याला फळा दिसत नाही, ज्याचा कान वाहतो, जो उपाशीपोटी शाळेत येतो, वाढलेल्या गाठींमुळे जो रात्रभर तोंडाने श्वास घेत तळमळतो, किंवा ज्याला क्षणभर शून्यात नेणारे फेफऱ्याचे बारीक झटके येतात, अशा प्रत्येकाच्या नावापुढे प्रश्नावली एकच उत्तर देते: ‘लक्ष देत नाही’. ह्यांपैकी प्रत्येकाचा उपाय निराळा आहे, आणि पुष्कळांचा उपाय चष्म्याइतका साधा आहे. स्वस्त साधन वाईट नव्हे. पण ज्या यादीतल्या प्रत्येक नावाकडे पुढे पाहायला माणूस नाही, ती यादी करणे म्हणजे आरोग्यसेवा नव्हे. ते नुसते नाव ठेवणे झाले, मराठीतल्या दोन्ही अर्थांनी.

त्याच पालघरच्या मुलखात आणखी एक गोष्ट घडून गेली आहे, तिचा विसर पडू नये. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, आणि पुढे अनुताई वाघांसह त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांची शाळा उभी केली. मुले शाळेत टिकत ना. गुरे राखायला जात. त्या काळच्या कोणत्याही मोजमापाने ती मुले ‘जागेवर न बसणारी’च होती. ह्या दोन बायकांनी काय केले? शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द तेथून आला, आणि अंगणवाडी हा शब्दही मुलाच्या अंगणात शाळा नेण्याच्या त्याच कल्पनेतून आला. मुलात काय कमी आहे ह्याआधी शाळेत काय कमी आहे, हे त्यांनी पाहिले. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक मागितला आहे. ज्या वर्गात हे प्रमाण पाळले जात नाही, ज्या शाळेला पटांगण नाही, ज्या वेळापत्रकात खेळाचा तास गणिताला दिला जातो, त्या शाळेने मुलांच्या चंचलतेचा कागद भरण्यापूर्वी स्वतःचा एक कागद भरावा.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २००८ सालीच सांगून ठेवले आहे की, शाळांतून ह्या विकारासाठी सरसकट चाळणी लावू नये, आणि केवळ तक्त्याच्या आधारावर निदान करू नये. तक्ता हा फार तर मदतनीस. मुलाचा त्रास फार तीव्र नसेल तर दहा आठवड्यांपर्यंत नुसते लक्ष ठेवून पाहावे, असेही तेथे म्हटले आहे. आपल्याकडे ह्याहून अधिक काही मागण्याची गरज नाही, पण ह्याहून कमीही चालणार नाही. आधी डोळे, कान, झोप आणि रक्त तपासा. कागदाच्या माथ्यावर मुलाची जन्मतारीख ठळक लिहा आणि तेथेच वर्गाचे सरासरी वय व पटसंख्या लिहा. तुलना वर्गाशी नको, वयाशी हवी. कोणीतरी वर्गात आणि पटांगणात बसून ते मूल पाहा. कागद वैद्याच्या कपाटात राहू द्या, शाळेच्या दप्तरी नको. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला विचारा. सात वर्षांचे मूल आपल्या मनाचे पुष्कळ सांगू शकते. ‘फळ्यावरचे अक्षर नाचते’, ‘बाई रागावतात म्हणून पोटात दुखते’, ‘मला थांबायचे असते पण पाय थांबत नाहीत’, हे तेच सांगू शकते, दुसरे कोणी नाही.

दिवाळीची सुटी संपली की शाळा उघडतील, आणि अंक वाचणाऱ्यांपैकी काही घरांत असा कागद येईलही. तो फाडून टाकू नका. त्यामागे एखाद्या बाईंची खरी कळकळ असू शकते, आणि आपल्या मुलाला खरी मदत हवी असू शकते. सही करण्यापूर्वी मात्र शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारा. वर्गात माझ्या मुलाहून वयाने लहान अशी किती मुले आहेत? त्याचे डोळे आणि कान कोणी तपासले? आणि हा कागद भरून झाल्यावर माझ्या मुलाशी कोण, किती वेळ बोलणार आहे? ह्या तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली तर खुशाल सही करा. न मिळाली तर कागद घरी घेऊन या आणि मुलाला जवळ बसवून त्याच्याशीच बोला. ते बोलता बोलता दोनदा उठेल. उठू द्या; परत येईपर्यंत थांबा.